काल रात्री सी विंगमध्ये 'डिस्को दीवाने' कोण लावत होतं?

अद्वैत (ए-५०३): काल रात्री सी विंगमध्ये 'डिस्को दीवाने' कोण लावत होतं? तक्रार नाहीये. पण हे 'स्टुडंट ऑफ द इयर'वालं वाटलं नाही, कुठलं व्हर्जन होतं?

सुजाताताई (सी-३०१): मीच रे. आणि व्हर्जन कसलं, मूळ गाणं ते! नाझिया आणि झोहेब हसन या भावंडांचं, १९८१. तुमच्या २०१२ च्या पिक्चरमध्ये विशाल-शेखरनी ते घेतलं, नाझियाचा आवाजही ठेवला. ती २००० सालीच गेली होती. फुप्फुसाचा कर्करोग. ३५ वय.

अद्वैत (ए-५०३): अरे बापरे. मला वाटायचं ती कोणीतरी नवीन गायिका आहे.

जोशी काका (बी-१०२): सुजाता, राग मानू नकोस, पण त्या मुलीला गळा नव्हता. एका पट्टीत नाकातून गायची. 'कुर्बानी' पिक्चरमधलं तिचं 'आप जैसा कोई' चाललं ते झीनत अमानमुळे.

सुजाताताई (सी-३०१): काका, झीनत पडद्यावर होती, रेडिओवर नव्हती! आणि रेडिओवरसुद्धा लोक हातातलं काम टाकून ऐकत होते. लंडनमधल्या एका पार्टीत 'कुर्बानी'वाल्या फिरोज खानला ही शाळकरी मुलगी भेटली, त्याने तिला संगीतकार बिद्दूकडे पाठवलं. 'कुर्बानी'ची बाकीची गाणी कल्याणजी-आनंदजींची, हे एकच बिद्दूचं. फिल्मफेअर मिळालं तेव्हा ती १५ वर्षांची होती.

माने (सेक्रेटरी): उद्या टाकी धुणार आहेत. सकाळी ११ ते १ पाणी बंद. कृपया भरून ठेवावे.

मीनल (बी-४०४): ओके माने साहेब. ताई, बिद्दू म्हणजे 'मेड इन इंडिया'वाला ना? अलिशाचं?

सुजाताताई (सी-३०१): तोच. मूळचा बंगळूरचा, लंडनला जाऊन 'कुंग फू फायटिंग' हे इंग्रजी गाणं केलेला माणूस. 'मेड इन इंडिया' १९९५ चं. म्हणजे त्याच्या १४ वर्षं आधी त्याने या दोन पोरांना घेऊन 'डिस्को दीवाने' हा अख्खा अल्बम काढला. पिक्चर नाही, हिरो-हिरॉइन नाही, नुसती गाणी. तेव्हा आपल्याकडे बिनफिल्मी म्हणजे भावगीत, गझल, नाहीतर भजन. कॉलेजच्या पोरांसाठी काय होतं सांगा?

जोशी काका (बी-१०२): भावगीतं आम्ही कॉलेजातच ऐकायचो.

मीनल (बी-४०४): काका, तुम्ही कॉलेजातही काकाच असणार.

भोसले (ए-२०१): आमच्या गावी वरातीत बँडवाले 'आप जैसा कोई' वाजवायचे. क्लॅरिनेटवाला चाल बरोबर काढायचा, पण ताशावाल्याला तो ठेका काही केल्या बसायचा नाही. दोन ओळींत तो आपल्या नेहमीच्या चालीवर यायचा आणि मग सगळी वरात लेझीम खेळल्यासारखी नाचायची. नवरदेव घोड्यावर वैतागलेला. कॅसेट मात्र मोठ्या भावाने लपवून ठेवली होती, वडिलांना ही 'धांगडधिंगा' गाणी चालत नसत.

सुजाताताई (सी-३०१): मला खरं बोलायचंय ते झोहेबबद्दल. सगळे नाझिया नाझिया करतात. तो तिच्याहून लहान, म्हणजे तेव्हा मिसरूडही फुटलं नसेल, आणि चाली रचण्यात त्याचाही वाटा होता. 'आओ ना' ऐका. दोघांचे आवाज इतके सारखे की कोण कुठे थांबलं आणि कोणी उचललं हे पटकन कळत नाही. भावंडं एकत्र गातात तेव्हाच असं होतं. तयारीच्या गायकांना हे मुद्दाम जमणार नाही. काका म्हणतात ना गळा नाही, बरोबर आहे, नाहीच. हरकती नाहीत, ताना नाहीत. घरात आरशासमोर गाणाऱ्या मुलीसारखी ती गाते, म्हणून तर आम्हालाही वाटायचं की आपणही गाऊ शकतो. लताबाईंचं ऐकून असं कधी वाटलं नाही, तिथे नुसते हात जोडायचे.

अद्वैत (ए-५०३): हे भारी आहे. पुढे काय केलं त्यांनी?

सुजाताताई (सी-३०१): 'स्टार' पिक्चर १९८२ चा, त्यात 'बूम बूम'. पिक्चर पडला, गाणं राहिलं. मग 'यंग तरंग' १९८४, 'हॉटलाइन', शेवटचा 'कॅमेरा कॅमेरा' १९९२. मला 'यंग तरंग'मधलं 'आँखें मिलाने वाले' आवडतं, पण पूर्ण अल्बम म्हणून पहिलाच. पुढे ती न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत नोकरीला होती.

भोसले (ए-२०१): आणि दोघं कराचीचे. आमच्या घरात कोणी तेव्हा विचारलंसुद्धा नाही.

मीनल (बी-४०४): तिकडे पाकिस्तानात तर जनरल झियांची लष्करी राजवट होती ना? तिथे डिस्को?

सुजाताताई (सी-३०१): हो ना! राहणं बरंचसं लंडनला, पण तिकडची पोरंही वेडी होती. झिया गेल्यावर १९८९ मध्ये पाकिस्तान टीव्हीवर दोघांनी 'म्युझिक ८९' कार्यक्रम केला, त्यावरही तिथल्या मौलवी मंडळींनी काहूर केलंच.

जोशी काका (बी-१०२): बरं. 'आओ ना'ची लिंक टाक. 'आप जैसा' नको, ते पाठ आहे.

सुजाताताई (सी-३०१): पाठ आहे??

जोशी काका (बी-१०२): चाळीत राहायचो. न ऐकून सांगणार कोणाला.