उजवं मनगट दुखतंय: टायपिंग सुधारताना आधी काय बदलू?

नवशिका
चार बोटांनी, कीबोर्डकडे बघत टाइप करायची सवय आहे. वेग मिनिटाला ३० शब्दांच्या आसपास. संध्याकाळपर्यंत उजवं मनगट वरच्या बाजूने दुखतं. दहा बोटांचं टायपिंग शिकायचंय. मनगटाखाली ठेवायची जेलची उशी घेऊ का?

कळफलक
उशी आत्ता नको. आधी कीबोर्ड पालथा करा आणि मागचे दोन पाय मिटा. ते उघडे असले की मागची कड उंच होते, मनगट वरच्या बाजूला मोडतं आणि हाताच्या वरच्या अंगाचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात. मग खुर्ची अशी लावा की कोपर ९० ते ११० अंशांत राहील. तुमचे पाय अधांतरी राहिले तर खाली ठोकळा घ्या. उशी असलीच तर ती थांबल्यावर तळहात टेकायला. टेकवून टाइप केलं की लांबच्या बटणासाठी हाताऐवजी नुसतं मनगट वळतं.

दहाबोटे
एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटा असतो. तर्जनी तिथे ठेवली की बाकीची बोटं न बघता जागेवर येतात. रोज १५-२० मिनिटं पुरेत, पण अचूकता ९५ टक्क्यांच्या खाली गेली की वेग कमी करा, कारण चुकीचं बोटही तितकंच पक्कं बसतं. डाव्या हाताच्या अक्षराला उजवी शिफ्ट, उजव्याला डावी. एका हाताने दोन्ही दाबताना करंगळी फाकते. सुरुवातीला वेग ३० वरून खाली येणारच, तेव्हा जुन्या चार बोटांवर परत जाऊ नका.

सरळरेघ
दुखतंय उजवं, म्हणजे माऊसही बघा. कीबोर्डच्या उजव्या टोकाच्या आकड्यांच्या बटणांमुळे (नंबर पॅड) तो लांब जातो आणि हात खांद्यापासून बाहेर फाकतो. आकडेमोड नसेल तर नंबर पॅड नसलेला कीबोर्ड घ्या, नाहीतर माऊस डाव्या हातात. आणि तो कमी वापरा: विंडोजवर कंट्रोल-बॅकस्पेसने अख्खा शब्द पुसला जातो, कंट्रोल-बाणाने कर्सर शब्दागणिक उडी मारतो.

नवशिका
पाय मिटले, लगेच फरक जाणवला. करंगळीला मुंग्याही येतात, त्याचं काय?

कळफलक
करंगळीची नस कोपराच्या आतल्या बाजूने जाते. कोपर खुर्चीच्या कडक हातावर टेकतंय का, फार दुमडलेलं राहतंय का, ते आधी पाहा. मुंग्या अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात असतील, तर संशय मनगटातल्या नसेवर. यापैकी काहीही रात्री झोप मोडू लागलं किंवा पकड ढिली वाटली तर डॉक्टरांना दाखवा, सराव थांबवा.