दुपारची, एकट्याची: तुमचे अनुभव सांगा

मोगरा_७२

परवा बुधवारी दुपारी दीड वाजता पोळ्या लाटत होते आणि हॉलमधून 'च्स्स' असा आवाज आला. मुलगा २८ वर्षांचा, घरून काम करतो. लॅपटॉप बाजूला सरकवून त्याने जेवणाआधी बिअरचा कॅन उघडला होता. एकटाच. मॅच नाही, मित्र नाहीत, सुट्टीही नाही. माझी तव्यावरची पोळी करपली.

तो घेतो हे मला माहीत आहे. शनिवारी मित्रमंडळी 'बसतात', त्याचं मला काही वाटत नाही. पण दुपार म्हटली की मला बाबांचा स्टीलचा पेला दिसतो.

बाबांनी २००१ मध्ये बँकेतून व्हीआरएस घेतली. आई शाळेत नोकरीला, त्यामुळे अकरा ते पाच घर रिकामं. मी लेकाला घेऊन दुपारची माहेरी जायचे तेव्हा बाबा झोपाळ्यावर, शेजारी पेला, पेल्यावर ताटली झाकलेली. विचारलं की म्हणायचे, ताक आहे. तोंडात कायम वेलदोडा. आजही कुणी शेजारी वेलदोडा चघळत बसलं की मी जागा बदलते. एकदा हा चार वर्षांचा पोरगा 'आजोबा, ताक' म्हणत पेल्याला हात घालायला गेला आणि बाबांनी त्याच्या हातावर फटकन मारलं. त्याआधी कधी बोट लावलं नव्हतं त्याला. पोरगा रडला नाही, नुसता बघत राहिला. ताटली खाली पडून गरगर फिरत होती, तो आवाज थांबेपर्यंत कुणी बोललं नाही.

आई बाटलीच्या लेबलवर पेन्सिलीने बारीक खूण करायची. मग बाबा तेवढं पाणी घालायचे. आई पुन्हा खूण करायची. महिनाअखेरीस बाटलीतला रंग दुसऱ्या उकळीच्या चहासारखा. दोघं एकमेकांना एका शब्दाने काही बोलले नाहीत. बाबा २००९ मध्ये गेले, लिव्हरने. नातेवाइकांत आम्ही अजून 'कावीळ' असंच सांगतो.

तर, दिवसाढवळ्या एकट्याने पिणं हे लक्षण असतं का? की मी बाबांचा हिशोब लेकाकडून वसूल करतेय? अनुभव लिहा. उपदेश मी स्वतःला रोज करतेच.

खारेदाणे

बुधवारी?? गुरुवार सोडला म्हणजे संस्कार चांगले आहेत हो 😀

खारेदाणे

सॉरी, पूर्ण वाचलं नव्हतं. ताटलीचं वाचून गप्प झालो.

रातकिडा

माझी केस घ्या. दहा वर्षं नाइट शिफ्ट. सकाळी साडेसातला कॅब सोडते, आंघोळ करतो, गॅलरीत बसून एक बिअर, नऊला झोप. तुमचे रात्रीचे नऊ ते माझे सकाळचे आठ. पण खाली शाळेच्या बससाठी उभ्या असलेल्या आया वर बघतात ना, त्यांना हे कोण सांगणार? सोसायटीत माझं नाव 'तो सकाळी पिणारा'. वॉचमन तर सणाला पण माझ्याकडे पोस्त मागत नाही, उलट काळजीने विचारतो, साहेब बरंय ना.

आता खरं सांगतो, इथे कुणी ओळखत नाही म्हणून. गेल्या वर्षी कंपनीने चार महिने डे शिफ्ट दिली. बिअर संध्याकाळी जायला हवी होती. गेली. पण सकाळची पण राहिली.

तिरफळ

गोव्यातून. आमच्याकडे एप्रिलमध्ये दुपारी उर्राक घेतला नाही तर लोक विचारतात, बरं नाही का? काजूच्या बोंडांची पहिल्या वाफेची ती उर्राक, फेणीपेक्षा सौम्य, ताजीच प्यायची, पावसाळ्यापर्यंत संपते. लिम्का, मीठ, हिरवी मिरची मधे चिरून. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा भाटीवाल्या काकांनी मला विचारलं होतं, म्हणजे आता महाग होणार का.

आजोबा जेवणाआधी एक छोटा ग्लास घ्यायचे. चाळीस वर्षं, एकटे, भर दुपारी, बाराच्या भोंग्याला. दुसरा ग्लास कधी बघितला नाही. आणि त्याच घरात माझा काका. तो दिवसा कधीच प्यायचा नाही, आणि सगळ्यांना सांगायचापण. सूर्य बुडायची वाट बघत साडेपाचपासून अंगणात येरझाऱ्या. जून-जुलैत ढग आले की विचारायचा, बुडला का गं? आम्ही मुलं हसायचो. ४९व्या वर्षी गेला.

आकडेमोड

मुलाचं वय सांगितलंत, पण परवाना आहे का त्याच्याकडे? महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार पिण्यासाठी परवाना लागतो, एक दिवसाचा किंवा कायमचा. बिअर-वाइनला २१ पूर्ण, बाकीच्याला २५. जनरल नॉलेज म्हणून सांगितलं.

खारेदाणे

@आकडेमोड, अख्ख्या महाराष्ट्रात तुम्ही आणि एक्साइजवाले सोडून कुणाला माहीत नाही हे.

आकडेमोड

माझ्याकडे आहे. कायमचा. पाकिटात ठेवतो. घेत नाही मात्र.

खारेदाणे

?? मग काढला कशाला

आकडेमोड

मित्रांसाठी.

गोळीचा_डबा

डॉक्टर आहे, दोन पेशंटच्या मधे लिहितोय. घड्याळावरून निदान होत नाही. १९८४पासून आम्ही चार प्रश्न वापरतो. कमी करायला हवी असं वाटलं का? कुणी टोकलं की राग येतो का? अपराधी वाटतं का? आणि सकाळी उठल्याउठल्या हात स्थिर करायला, उताऱ्याला, घ्यावी लागते का? दोन 'हो' आले की नीट बसून बोलायचं. चौथा एकटा आला तरी मी खुर्ची पुढे ओढतो.

दुसरं, मोजमाप. 'फक्त बिअर' हे मी दिवसातून पाच वेळा ऐकतो. ६५० मिलीची स्ट्राँग, ८ टक्क्यांची बाटली म्हणजे व्हिस्कीचे ३० मिलीचे चार पेग. साधा ५ टक्क्यांचा ५०० मिलीचा कॅन म्हणजे दोन. पेशंटला हे कागदावर करून दाखवलं की चेहरा बघण्यासारखा होतो.

@रातकिडा, तुमचं शेवटचं वाक्य तुम्हीच परत वाचा. आणि सोडायची ठरवलीत तर एका झटक्यात, एकट्याने नको. रोज भरपूर घेणाऱ्याने अचानक बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, नंतर भास. घरचे म्हणतात बाहेरचं काहीतरी लागलं. आधी डॉक्टरला भेटा.

रातकिडा

वाचलं.

उन्हाळी_पापड

डॉक्टर आहात म्हणून लिहिते, नाहीतर हे कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याची दुपारची सुरू झाली तेव्हा जावेने एक गोळी आणून दिली. वरणात कुटून घाल, आपोआप सोडतील. मी घातली. तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी बाहेर नाइन्टी मारली आणि घरी आले ते लालबुंद, मानेची शीर टणाटण उडतेय, ओकाऱ्या, श्वास लागेना. रिक्षात त्यांचं डोकं माझ्या मांडीवर, आणि मला तोंडातून शब्द फुटेना की मी काय केलंय. शेवटी कॅज्युअल्टीत सांगितलं. डॉक्टर माझ्यावर ओरडले ते बरोबरच होतं. नवरा वाचला. चार दिवस माझ्या हातचं जेवला नाही. पिणं? पिणं चालूच राहिलं, उलट आता कारणही होतं.

गोळीचा_डबा

ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. ही गोळी पिणाऱ्याला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करूनच द्यायची असते. चोरून कधीही नाही, जीव जातो. जावांनी, मेव्हण्यांनी 'प्रेमाने' आणलेली ही गोळी मी किती घरांत बघितलीय.

वायगाव_हळद

आमच्या वर्धेत दारूबंदी हाये न भाऊ. त्यामुळे दुपार, रात्र हा प्रश्नच येत नाही, भेटली तेव्हाच दुपार. गांधीजींचा जिल्हा म्हणून बंदी, गडचिरोलीत १९९३पासून, चंद्रपुरात २०१५ला लागली अन् २०२१ला उठली. मामा म्हणायचा, बंदीनं माही पिण्याची शिस्त लावली. म्हणजे काय, तर अर्धी बाटली ठेवायची सोयच नाही, कोणी पकडंल. म्हणून एका दमात पुरी.

लिंबूटिंबू

भेंडी, मामा 😂

सदाफुली_ठाणे

बाईने लिहावं की नको असं करत तीनदा खोडलं. मी ५६, एकटी राहते, मिस्टर जाऊन सहा वर्षं. रविवारी दुपारी एक ग्लास वाइन, जुनी नाट्यगीतं, मग झोप. बस. मला यात काही गैर वाटत नाही. पण रिकामी बाटली टाकायला मी काय काय करते ऐका. कामवाली बघू नये म्हणून बाटली आधी धुते, लेबल भिजवून काढते, वर्तमानपत्रात गुंडाळते, भाजीच्या पिशवीत घालते आणि दोन गल्ल्या पलीकडच्या भंगारवाल्याला देते. मागच्या महिन्यात त्याने पिशवी बघूनच विचारलं, "मॅडम, आज फक्त दोन?"

डॉक्टरांचे चार प्रश्न लावले. तिसऱ्याला अडले. अपराधी वाटतं, हो. पण ते दारूचं की लोकांचं?

तिरफळ

@सदाफुली, आमच्याकडे या. बाटलीत मनीप्लांट लावून खिडकीत ठेवतो.

टेम्सकाठचा

इंग्लंडमध्ये आलो तेव्हा सकाळी अकराला पबात एकेकटे म्हातारे पेपर वाचत बसलेले बघून धक्का बसला होता. इथे २०१६पासून सरकारी सल्ला आठवड्याला १४ युनिटच्या आतचा आहे (एक युनिट म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल). माझा शेजारी ते इमानेइतबारे पाळतो, १४च्या १४ शुक्रवारी.

लिंबूटिंबू

चखण्याला काय असतं तिकडे

टेम्सकाठचा

क्रिस्प्स. फार वाईट परिस्थिती आहे. मसाला शेंगदाण्यासाठी बसने पाऊण तास जातो.

खारेदाणे

शेंगदाणे घरी करा हो. बेसन, तिखट, हिंग, चिमूट सोडा, पाण्याचा नुसता हबका मारायचा, पीठ सैल करायचं नाही. मायक्रोवेव्हमध्ये पण होतात.

आकडेमोड

धागा कुठे चाललाय.

रेनकोट

उशिरा लिहितोय. माझी बंद होऊन अकरा वर्षं झाली, आजच्या दिवसासकट.

मोगराताई, मी दिवसाच प्यायचो, आणि एकटाच. पण लोकांना वाटतं तसं रस्त्यात पडून नाही. इस्त्रीचा शर्ट, वेळेवर हप्ते. तीन वाइन शॉप ठरलेली. सोम-गुरु स्टेशनसमोरचं, मंगळ-शुक्र हायवेचं, बुध-शनि सासुरवाडीच्या रस्त्यावरचं. का, तर दुकानदाराला वाटू नये की हा रोज येतो. म्हणजे बघा, बायकोची नाही, दुकानदाराची लाज. चपटी स्कूटरच्या डिकीत, रेनकोटमध्ये गुंडाळून. बायकोने एका डिसेंबरात विचारलं, रेनकोट कशाला लागतोय? मी म्हणालो, हल्ली हवामानाचा भरवसा नाही. ती बरं म्हणाली. तिला माहीत होतं हे मला दोन वर्षांनी कळलं.

बँकेत एकदा चेकवरची सही जुळेना. तीनदा केली, तीन वेगळ्या. काउंटरवरची मुलगी चांगली होती, म्हणाली काका, पाणी पिऊन या. मी बाहेर गेलो, डिकी उघडली, दोन घोट मारले, परत आलो आणि सही पहिल्या फटक्यात जुळली. त्या दिवशी मला कळायला हवं होतं. मला काय वाटलं माहितीय? औषध सापडलं.

ए.ए.च्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, मीटिंगला आणखी चार वर्षांनी गेलो. १९३५ साली अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनी एकमेकांशी बोलून सुरू केलेली गोष्ट, आमच्या गावात म्युनिसिपल शाळेच्या बालवाडीच्या बाकांवर भरते. गुडघे हनुवटीला लागतात. घरच्यांसाठी वेगळी मीटिंग असते, अल-अनॉनची. बायको माझ्याआधी दोन वर्षं तिकडे जात होती. मला सांगायची, भिशी आहे.

उन्हाळी_पापड

या अल-अनॉनला नवरा येत नसला तरी चालतं का?

रेनकोट

चालतं ताई. त्याच्यासाठी नसतेच ती. पुण्याजवळ असाल तर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही विचारा. १९८६मध्ये अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं. तिथेही घरच्यांशी बोलतात.

मोगरा_७२

सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा. पापडताई, तुमची रिक्षा डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

आज सकाळी दूध ठेवायला फ्रीज उघडला आणि न ठरवता कॅन मोजले. पाच. मग दार लावून तिथेच उभी राहिले. आईची पेन्सिल आता माझ्या हातात आलीय की काय.

सदाफुली_ठाणे

मोजायचं मनात आलं ते साहजिक आहे गं.

रेनकोट

पाच आहेत ना? उद्या चार दिसले की परवा तुम्ही कपाटं उघडाल, आणि तो कॅन दुसरीकडे ठेवायला शिकेल. त्याने तुमच्यासमोर हॉलमध्ये उघडला होता, ताटली झाकून नाही. ते आत्ता तरी बरं चिन्ह आहे. सरळ विचारा. फक्त रात्री विचारू नका, दुपारी विचारा, उघडायच्या आधी. रात्री मी काहीही कबूल करायचो. सोडतो म्हणून आईच्या फोटोला हात लावलेत मी.

रातकिडा

डॉक्टर, मंगळवारची अपॉइंटमेंट घेतली. इथल्याच एकाकडे. वॉचमनला सांगितलं, तो म्हणाला मी येऊ का सोबत.

लिंबूटिंबू

वॉचमनला पोस्त द्या यंदा.

मोगरा_७२

तो आत्ता मीटिंगमध्ये आहे. दीडला जेवायला येईल. पिठलं टाकलंय, आणि त्याला 'ताक घेणार का' असं विचारून सुरुवात करावी की नको तेच ठरत नाहीये.