पाळीव उंदीर पहिल्यांदाच घरी येतायत. पिंजरा, खाणं, वास याबद्दल सल्ला हवाय

अबोली_क
नमस्कार मंडळी. भाची शिकायला बाहेर निघालीय आणि तिचे दोन पाळीव उंदीर आमच्याकडे राहायला येणार आहेत. एक पांढरा, एक चॉकलेटी. दोन्ही माद्या आहेत असं दुकानदाराने तिला सांगितलं होतं. सोबत तारेचा उंच पिंजरा, जाळीचं चाक आणि पाइनच्या भुश्याची पिशवी येतेय. सासूबाई म्हणतात, इतकी वर्षं उंदीर घरात शिरू नयेत म्हणून धडपडलो, आता त्यांचा पाहुणचार करायचा? त्यांना धास्ती आहे ती वासाची. पिंजरा किती दिवसांनी धुवायचा, खायला काय द्यायचं, आणि हे प्राणी माणसाळतात का? मुलगा सात वर्षांचा आहे, तो हातात घेतल्याशिवाय राहणार नाही.

निशाचर
अबोलीताई, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, आल्या आल्या स्वतः बघा. पारदर्शक डब्यात ठेवून खालून पाहिलं तरी कळतं. वयात आलेल्या नराची वृषणं शेपटीच्या मुळाशी चांगली ठळक दिसतात. लहान असतील तर मूत्रद्वार आणि गुदद्वार यांतलं अंतर बघायचं: नरात जास्त, मादीत कमी. शिवाय मादीच्या पोटावर स्तनाग्रं दिसतात, नराला ती नसतातच.

हे आधी सांगतोय कारण मादी पाच-सहा आठवड्यांची झाली की गाभण राहू शकते, १९ ते २१ दिवसांत विते, आणि विल्यानंतर एका दिवसाच्या आत पुन्हा गाभण राहू शकते. बाकीचं सगळं नंतर निस्तरता येतं, हे नाही.

सामानाबद्दल: जाळीचं चाक टाकून द्या. पाय आणि शेपटी अडकते. सलग पृष्ठभागाचं, साधारण २० सेंमी व्यासाचं घ्या. उंदीर धावताना त्याची पाठ सरळ राहिली पाहिजे, वरच्या बाजूला वाकलेली दिसली तर चाक लहान आहे. पाइनचा भुसाही नको. पाइन आणि सीडरच्या लाकडातली सुगंधी तेलं त्यांच्या फुप्फुसांना आणि यकृताला त्रास देतात. कागदाचा लगदा किंवा अ‍ॅस्पेन नावाच्या झाडाचा, धूळ नसलेला भुसा चालतो. थर चांगला १०-१५ सेंमी घाला, त्यांना बोगदे खणू द्या. आणि पिंजऱ्याच्या तारांमधलं अंतर मोजा. ६-७ मिमीच्या वर असेल तर उंदीर बाहेर. डोकं गेलं की धड जातंच.

गवतफूल
वासाबद्दल मी लिहिते, कारण नवीन लोक नेमकं इथेच उलटं करतात. वास आला की अख्खा पिंजरा रिकामा करायचा, साबणाने घासायचा, सगळं नवं घालायचं. दुसऱ्या दिवशी वास दुप्पट! उंदीर आपली जागा लघवीच्या थेंबांनी ओळखतो. तुम्ही ती ओळख पुसून टाकली की तो जीव तोडून पुन्हा सगळीकडे खुणा करत सुटतो. चाकावर, घरट्यावर, पाण्याच्या बाटलीच्या तोंडाशीसुद्धा.

त्यापेक्षा रोज ओला झालेला कोपरा तेवढा काढा. बहुतेक उंदीर एकदोन ठरावीक जागाच वापरतात, त्या आठवडाभरात लक्षात येतात. चाक गरम पाण्याने पुसा. थर जाड असेल तर एका वेळी निम्माच भुसा बदला. घरट्यातला कोरडा कागद काढलात तरी परत आतच ठेवा, तो फेकायचा नाही. माद्यांचा वास मुळात सौम्य असतो. नराचा उग्र, त्याला इलाज नाही.

मात्र अमोनियाचा झोंबरा वास येईपर्यंत थांबूही नका. त्याने श्वसनाचे विकार बळावतात, आणि उंदरांत तेच दुखणं सगळ्यात जास्त. सुवासिक भुसा, अत्तर, फ्रेशनर काहीही नको.

पेन्सिल
काचेची जुनी मत्स्यटाकी घ्या की. भुसा बाहेर उडत नाही आणि निसटायची भीती नाही.

गवतफूल
@पेन्सिल, चालते, पण झाकण जाळीचंच हवं आणि टाकी पसरट हवी. उभ्या अरुंद टाकीत तळाशी अमोनिया साचतो. मी स्वतः तारेच्या पिंजऱ्याच्या बाजूची आहे, अंतर बारीक असेल तर. कुठलाही घेतलात तरी उन्हात, स्वयंपाकघरात किंवा टीव्हीशेजारी ठेवू नका. आपल्याला २० किलोहर्ट्‌झच्या वरचं काही ऐकू येत नाही, त्यांचं अर्ध्याहून जास्त जग त्याच्या वर आहे. चार्जरची शिट्टी आपल्याला कळतही नाही.

तिसरा_मजला
खाण्याचं थोडक्यात: उंदरांसाठीच्या पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या तयार खाद्याच्या गोळ्या, हा मुख्य आहार, एका उंदराला दिवसाला ३ ते ५ ग्रॅम. नुसतं बियांचं मिश्रण दिलंत तर सूर्यफूल तेवढं वेचून खातील आणि बाकीचं तसंच. बिया भुशात विखरून टाका, शोधण्यात रात्र मजेत जाते. भाजी नखाएवढी, उरलेली सकाळी काढायची. चॉकलेट, कांदा, लसूण नाही. दात आयुष्यभर वाढतात म्हणून कुरतडायला साधं, रंग न लावलेलं लाकूड. पाण्याच्या बाटलीच्या तोंडातली गोळी रोज बोटाने दाबून बघा, अडकली तर बाटली भरलेली दिसते आणि प्राणी तहानलेला राहतो. घरट्याला कापूस मात्र कधीच देऊ नका, दुकानात "नेस्टिंग" म्हणून मिळणारा तर मुळीच नको. धागे पायाला गुंडाळतात, पोटात गेले तर अडकतात. साधा बिनवासाचा टिश्यू पेपर द्या आणि मग बघत बसा. दातांनी उभ्या पट्ट्या फाडून, तोंडात धरून, मागे मागे सरकत आत ओढून नेतात. टीव्ही लागत नाही.

निशाचर
माणसाळण्याबद्दल: शेपटीने उचलायचं नाही. हे नुसतं लाडाकोडाचं नाही. लिव्हरपूल विद्यापीठाच्या जेन हर्स्ट आणि रिबेका वेस्ट यांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की शेपटीने धरलेले उंदीर माणसाला टाळतात आणि जास्त घाबरट राहतात. नळीतून किंवा ओंजळीतून उचललेले स्वतःहून हाताजवळ येतात. पुठ्ठ्याची नळी पिंजऱ्यातच असू द्या. उंदीर आत शिरला की नळीसकट उचला, दोन्ही तोंडांवर हात धरा. मुलाला जमिनीवर बसवूनच हातात द्या, आणि पहिले काही दिवस फक्त नळी. हात आधी आणि नंतर धुवायचे. घरात कोणी गरोदर असेल तर तिने पिंजऱ्याच्या साफसफाईपासून लांब राहावं. एलसीएमव्ही नावाचा विषाणू उंदरांकडून क्वचित येतो, पण पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतो.

अबोली_क
सगळ्यांचे आभार. पाहुणे आले. निशाचरदादा, बघितलं. चॉकलेटी बाई नाहीत, बुवा आहेत. सासूबाईंनीच आधी ओळखलं, "हे काय लोंबतंय?" म्हणून. पांढरीचं पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं वाटतंय. आता काय करू?

निशाचर
आजच वेगळे करा, उद्यावर टाकू नका. पोट पेअरच्या फळासारखं दिसत असेल तर ती शेवटच्या आठवड्यात असू शकते. तिला भरपूर टिश्यू, पेलेटसोबत थोडं उकडलेलं अंडं, आणि शांतता. विल्यावर सुरुवातीचे काही दिवस घरट्यात हात घालू नका, सफाई थांबवा, पाणी-खाणं मात्र कमी पडू देऊ नका. पिल्लं गुलाबी, बिनकेसाची, मिटल्या डोळ्यांची असतात. डोळे दोन आठवड्यांच्या आसपास उघडतात. चौथा आठवडा संपेपर्यंत नर पिल्लं आईपासून आणि बहिणींपासून काढायची. दहा-बारा पिल्लं सहज होतात, तेव्हा कोणाला द्यायची ते आत्ताच विचारायला घ्या. मोकळं सोडणं हा पर्याय नाही, पाळीव उंदीर बाहेर टिकत नाही.

अबोली_क
आणि बुवा एकटाच राहणार? माद्यांना सोबत लागते म्हणतात ना.

गवतफूल
माद्यांना लागतेच, म्हणून तिच्याजवळ एकदोन मुली ठेवून घ्या. मोठे नर एकत्र ठेवले तर बहुतेकदा रक्त निघेपर्यंत भांडतात, आज नाही तर महिन्याने. एकटा ठेवायचा तर त्याला तुमचा वेळ जास्त द्यावा लागेल, संध्याकाळनंतर, कारण दिवसा तो झोपतो. छोट्या प्राण्यांचा अनुभव असलेला व्हेट असेल तर त्याची नसबंदी करता येते. त्यानंतर तीनचार आठवडे थांबून माद्यांमध्ये सोडता येतो. पण एवढ्याशा जिवाला भूल देणं जोखमीचं, व्हेटला आधी विचारा की त्याने उंदरांवर हे केलंय का.

तिसरा_मजला
व्हेटचा विषय निघालाच आहे तर: स्वयंपाकघरातल्या काट्यावर आठवड्यातून एकदा वजन करा. मोठा उंदीर साधारण २० ते ४० ग्रॅम. आजारी उंदीर शेवटपर्यंत लपवतो, वजन मात्र आधी उतरतं. श्वास घेताना टकटक, केस उभे, पाठ पोक काढल्यासारखी, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी जा. आणि मुलाला आत्तापासून सांगून ठेवा की हे दीड ते अडीच वर्षांचे सोबती आहेत.

अबोली_क
बुवाला दुसऱ्या पिंजऱ्यात हलवलं, घरट्यातला थोडा जुना कागदही सोबत दिला. नवं चाक उद्या येईल. वजन केलं: तो ३८, ती ४६!

निशाचर
४६ म्हणजे पिल्लं आहेतच असं धरून चाला. धागा वर ठेवा, पिल्लं झाली की नर-मादी ओळखायला फोटो टाका. नवव्या-दहाव्या दिवशी, केस दाट व्हायच्या आत, माद्यांची स्तनाग्रं सगळ्यात स्वच्छ दिसतात.