फाइल उघडली म्हणजे कॅलेंडरे जुळली असे नाही
सर्व संगणकीय कॅलेंडरांनी आयसीएस फाइल (बैठकांच्या नोंदी एका कॅलेंडरातून दुसऱ्यात नेणारी फाइल) स्वीकारली की त्यांच्यातल्या सुसंगततेचा प्रश्न मिटतो, या मताशी मी पूर्णपणे सहमत नाही. अशा फाइलींचे आयकॅलेंडर हे मानक १९९८ पासून आहे, २००९ मध्ये ते आरएफसी ५५४५ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजाच्या रूपात सुधारूनही निघाले; तरी फाइल उघडणे वेगळे आणि तिचा सारखाच अर्थ लावणे वेगळे. न्यूयॉर्कमधून दर मंगळवारी सकाळी ९ ला ठरवलेली बैठक पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळी ६:३० ला आणि हिवाळ्यात ७:३० ला दिसायला हवी, कारण न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे केलेली असतात. पण पाठवणाऱ्या प्रणालीने टाइमझोन न देता नुसती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहिली, तर हिवाळ्यात घड्याळे मागे जाताच न्यूयॉर्कमध्ये तीच बैठक सकाळी ८ वर सरकते. त्यातली एकच बैठक पुढे ढकलली की गुंता आणखी वाढतो, कारण ती मालिकेतल्या मूळ वेळेवरून ओळखली जाते आणि ती वेळ जुळली नाही तर एकाच बैठकीच्या दोन नोंदी दिसू शकतात. म्हणूनच निरनिराळ्या उत्पादकांच्या प्रणाली समोरासमोर तपासून पाहण्याचे कॅलकनेक्ट या संस्थेचे काम मला मानकाच्या मजकुराइतकेच मोलाचे वाटते, आणि अशा चाचण्यांत एकदाच होणाऱ्या सोप्या बैठकांआधी ही अवघड उदाहरणे घ्यावीत, असा माझा आग्रह आहे.