मदत हवी आहे: गोदाकाठचा वाडा महापालिकेने घ्यावा म्हणून काय करावं?

मंडळी, नाशिकला दुतोंड्या मारुतीजवळ नदीकाठचा एक जुना वाडा मोकळ्या जागेसकट विकायला निघालाय. सागवानी खांब शाबूत, ओट्याच्या दगडावर पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसते. महापालिकेने तो घेऊन जपावा, असं आम्हा शेजाऱ्यांना वाटतं. काही जण म्हणतात, आधी खड्डे बुजवा! (तेही खोटं नाही म्हणा.)

एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायदा १९६६ च्या कलम १२६ नुसार विकास आराखड्यात सार्वजनिक कामासाठी आरक्षित जागा पैसे देऊन, टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन किंवा सक्तीने घेता येते. पण इथे आरक्षणच नाही. मग आधी कलम ३७ खाली आराखड्यात फेरबदल मागायचा, की वाटाघाटीने थेट खरेदी? मालक चौघे भाऊ, टीडीआरला तयार नाहीत. असा प्रस्ताव महासभेपर्यंत कुणी नेलाय का? अर्जाचा नमुना असेल तर कृपया द्या.