सी विंगच्या काकांसाठी आळीपाळीने मदत

सी-२०४: नमस्कार. शेजारच्या काकूंना विचारूनच लिहितेय. काकांना पक्षाघात झाल्यापासून सकाळी आठ ते रात्री आठ ब्यूरोची आया असते. कॅथेटर (लघवीची नळी) बदलायला सिस्टर येतात, फिजिओही येतात. रात्र काकूंची एकटीची. परवाच्या पावसात लोकल बंद पडल्या, आया नालासोपाऱ्याहून निघूच शकली नाही, तेव्हा दिवसही त्यांचाच. आपण काहीजण मदत करू या का?

ए-७०१: पैसे जमवून रात्रीचीही आया ठेवली तर? आपण अनाडी माणसं, काही कमीजास्त झालं तर?

सी-२०४: दादा, रात्रीच्या आयाचं त्यांचा मुलगा बघतोय. पण ब्यूरोची बाई सारखी बदलते. नवीन बाईला काकांचं बोलणं कळत नाही, म्हणून काकू घर सोडतच नाहीत. त्यांचीच बीपीची तपासणी राहिलीय.

बी-१०३: मी वॉर्डात नोकरी केलीय, म्हणून स्पष्ट सांगते. नाकातली नळी, कॅथेटर, इंजेक्शन यांना शेजाऱ्यांनी हात लावायचा नाही. नळीतून फीड द्यायला सिस्टरनी काकूंना आणि आयाला शिकवलंय, ते त्याच करतील. फीड चालू असताना आणि नंतरही निदान अर्धा तास डोक्याकडची बाजू उंच हवी. "जरा आडवं करू या" असं कोणी म्हणू नका, फीड उलटून फुप्फुसात जाऊ शकतं.

कूस बदलायला मात्र माणसं हवीतच. साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर, टाचांवर जखमा होतात आणि त्या भरता भरत नाहीत. दोघांनी चादरीसकट उचलायचं, फरफटत ओढायचं नाही. लुळ्या हाताला धरून तर कधीच ओढू नका, खांदा दुखावतो. आधी फिजिओंकडून शिकून घ्या. कातडी लाल दिसली आणि दाबूनही लाली गेली नाही, तर तिथे चोळू नका, सिस्टरना कळवा.

पलंगाशी एकच वही ठेवा. कूस कधी बदलली, फीड किती, लघवी किती, जो करेल त्याने लिहायचं. आणि काकू म्हणाल्या की "आज हे रोजच्यासारखे वाटत नाहीत", तर ते मनावर घ्या, डॉक्टरांना फोन करा. चोवीस तास बघणाऱ्याला जे दिसतं ते आम्हा सिस्टर लोकांना दहा मिनिटांत दिसत नाही.

ए-७०१: मग ज्याला हे उचलणं जमणार नाही त्याने काय करायचं? नुसतं बसायचं?

बी-१०३: हो, बसायचंच! पेपर वाचून दाखवा, मॅच लावा. तेवढ्यात काकू झोपतील नाहीतर बँकेत जाऊन येतील. केरळात मलप्पुरमला हे काम असंच उभं राहिलं. साधी माणसं प्रशिक्षण घेऊन आठवड्याचे दोनएक तास देतात, डॉक्टर-नर्स पाठीशी असतात. २००८ मध्ये तिथल्या सरकारने पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे गंभीर, दीर्घ आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेचं, धोरणच केलं. आपल्याला तर एकच घर सांभाळायचंय.

सी-५०२: एक विनंती. काकांच्या डायपरची, जखमांची चर्चा इथे दीडशे लोकांत नको. काकांना सगळं समजतं. कोण आलेलं चालेल, हे त्यांनाही विचारा.

सी-२०४: बरोबर. येणाऱ्यांचा वेगळा ग्रुप करते. काकांना विचारून मगच नावं घेते.

ए-७०१: मंगळवार-गुरुवार संध्याकाळी पाच ते सहा माझं नाव धरा. काकांना चालणार असेल तर.

सेक्रेटरी: फिजिओ रविवारी अकरा वाजता सोसायटीच्या ऑफिसात शिकवायला तयार आहेत. गादी आणि दोन जाड चादरी कोणी देईल का?

सी-५०२: गादी मी पाठवते.