मदत हवी आहे: लाइव्ह डेमोत स्कोप जुनी व्हीएक्सआय-११ लिंक सोडत नाही

टेस्ट अँड मेजरमेंट सॉफ्टवेअरच्या कॉन्फरन्समध्ये पायव्हिसा (मोजमापाची उपकरणं चालवणारी पायथन लायब्ररी) वापरून ऑसिलोस्कोपचा (विद्युत सिग्नलचा आलेख दाखवणारं उपकरण, थोडक्यात स्कोप) लाइव्ह डेमो द्यायचा आहे. सभागृहाच्या वायफायवर उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून लॅपटॉप आणि स्कोप थेट लॅन केबलने जोडून दोन्हीकडे स्टॅटिक आयपी दिला आहे. स्कोप जुना आहे: लॅनवरून उपकरण चालवण्याचा नवा प्रोटोकॉल हायस्लिप नाही, फक्त त्याआधीचा व्हीएक्सआय-११ आणि ५०२५ पोर्टवरचं रॉ सॉकेट (साधं टीसीपी कनेक्शन). यूएसबी पोर्ट फक्त पेन ड्राइव्ह घेतो. फर्मवेअर बदलता येणार नाही.

रॉ सॉकेट वापरून पाहिलं. वेव्हफॉर्मच्या बायनरी डेटात १० किमतीचा बाइट (म्हणजे न्यूलाइन) आला की ते टर्मिनेशन कॅरेक्टर (संदेश संपल्याची खूण) समजून वाचन मध्येच थांबतं. टर्मिनेशन बंद करून ब्लॉक हेडरमधल्या लांबीइतकेच बाइट वाचले, तर शेवटचा न्यूलाइन बफरमध्ये उरतो आणि पुढची क्वेरी बिघडते. तो वेगळा वाचून टाकला की जमतं. पण रॉ सॉकेटवर सर्व्हिस रिक्वेस्ट (स्कोपने स्वतःहून लॅपटॉपला दिलेली सूचना) मिळत नाही, आणि डेमोचा गाभाच तो आहे.

व्हीएक्सआय-११ वर केबल निघाली किंवा लॅपटॉप स्लीपमध्ये गेला की स्कोप जुनी लिंक (सेशन उघडताना त्याने दिलेली जोडणी) धरून बसतो. असं काही वेळा झालं की नवं सेशन उघडताना एरर ९ येते, म्हणजे रिसोर्स शिल्लक नाहीत. अबॉर्ट चॅनलने (काम थांबवायला सांगणारं वेगळं कनेक्शन) चालू ऑपरेशन थांबतं, लिंक सुटत नाही. रिस्टार्टने सगळं सुरळीत होतं, पण मंचावर तेवढा वेळ नसतो.

जुना लिंक आयडी जपून ठेवून नव्या टीसीपी कनेक्शनवरून डिस्ट्रॉय लिंक (लिंक बंद करण्याची आज्ञा) पाठवलं, तर स्कोपमधला सर्व्हर ते मान्य करतो का? कुणी प्रत्यक्ष करून पाहिलं आहे का?